पोपमहोदयांचे पत्र आणि अरबी मजकूर

आपल्या प्रबोधनवर्गांतून एक विधान वारंवार कानी पडते. सातव्या शतकात अरबांनी इजिप्त जिंकला, भूमध्य समुद्राची वाट रोखली, पपायरस मिळेनासा झाला आणि ख्रिस्ती युरोप अंधारात बुडाला! सेमिनरीत असताना आम्हीही हे घोकले होते. विधान सुटसुटीत आहे, त्यात एक खलनायक आहे आणि श्रोत्याला आपल्या निर्दोषत्वाचे समाधान आयतेच मिळते. अडचण एवढीच की, पुराव्यापुढे ते टिकत नाही; आणि तो पुरावा खुद्द पोपमहोदयांच्या दप्तरातला आहे.

हे मत रूढ झाले ते बेल्जियन इतिहासकार आंरी पिरेन यांच्या, त्यांच्या निधनानंतर १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे. पिरेन थोर अभ्यासक होते. गॉल देशात पपायरस जहाजांनी मार्सेय बंदरात येई, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. सहाव्या शतकात तूरचे बिशप संत ग्रेगरी यांनी नांतच्या बिशप फेलिक्सना चिडून सुनावले होते, की आपण मार्सेयचे बिशप असता तर जहाजांनी तेल वगैरे काही न आणता नुसता पपायरसच आणला असता, म्हणजे आपल्याला निंदा लिहायला भरपूर जागा मिळाली असती! (पूज्य महागुरूंची भांडणेसुद्धा पपायरसवरच चालत.) पुढे फ्रँक राजांच्या सनदा ६७०च्या दशकात चर्मपत्रावर आल्या, हेही खरे.

पण इजिप्त अरबांच्या हाती गेला तो ६४२ पर्यंत. वाट तेव्हाच बंद झाली असेल, तर मधली तीसएक वर्षे राजे कशावर लिहीत होते? शिवाय ७१६ साली राजा दुसरा शिल्पेरिक याने कोर्बीच्या मठाला फोस येथील जकातघरातून जो माल मंजूर केला, त्यात तेल, मिरी, जिरे यांच्याबरोबर पपायरसचेही पन्नास नग आहेत. ही यादी जुन्या सनदेवरून उतरवलेली असेल, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणून त्या यादीवर मी फार भार टाकत नाही.

भार टाकतो तो रोमवर. पोपमहोदयांचे मूळ स्वरूपात टिकलेले सर्वांत जुने पत्र पहिले एड्रियन यांचे, ७८८ सालचे, आणि ते पपायरसवर आहे. पहिले पास्कल यांनी ८१९ साली रावेन्नाच्या आर्चबिशपांना दिलेली सनद पपायरसवर. तिसरे बेनेडिक्ट यांनी ८५५ साली कोर्बीला दिलेली सनद तर जवळजवळ सात मीटर लांब! पोपदप्तराने पपायरस सोडला तो अकराव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे इजिप्त गेल्यानंतर तब्बल चारशे वर्षांनी. ‘बंद’ झालेल्या वाटेने इतका माल येत होता!

आणि आता तूर्न्यूची सनद. आठवे जॉन यांनी ती ८७६ साली त्या मठाला दिली. आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. पपायरसच्या गुंडाळीच्या पहिल्या तावावर सरकारी मजकूर घालण्याची रीत होती. ‘प्रोटोकॉल’ हा शब्द त्या तावावरूनच आला. या सनदेच्या माथ्यावर तो मजकूर अरबी लिपीत आहे. रोमच्या लेखनिकाला तो दिसला नसेल, असे कोण म्हणेल? त्याने निमूटपणे त्याखाली पोपमहोदयांची लॅटिन आज्ञा लिहिली.

मग पपायरस गेला कशाने? मेंढ्यावासरांची कातडी गावोगावी मिळत होती, पपायरस दूरदेशाहून आणावा लागे. उत्तरेच्या दमट हवेत तो कुजे. महान संत ग्रेगरी यांच्या पत्रांची मूळ दप्तरे अशीच नाहीशी झाली. सुमारे साडेआठशे पत्रे वाचली ती नकलांमुळे. शेवटी खुद्द इजिप्तमध्येच कागद आला आणि दहाव्या शतकात पपायरसचा धंदा बसला. यात कोणी कोणाचा गळा दाबलेला नाही.

आमच्या व्याख्यात्यांना मुसलमान शेजाऱ्यांविषयी काही बोलायचेच असेल, तर त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर बोलावे. पपायरसला साक्षीला बोलावू नये. तो त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही.