न पेरलेल्या पपईचा हिशेब

आमच्या सोसायटीच्या मागे जेमतेम दोन गुंठ्यांचा मोकळा तुकडा आहे. तीन वर्षांपूर्वी आठ घरांनी मिळून तिथे वाफे केले. मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी, मिरची. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, वर्गणी ठरली, कोणता वाफा कोणाचा हेही ठरले. एकच गोष्ट ठरवायची राहिली. जे कोणी पेरलेच नाही, ते कोणाचे?

गेल्या रमजानमध्ये इफ्तारच्या फळांची साले आणि बिया आम्ही बागेतल्या खतखड्ड्यात टाकत होतो. मृगाच्या सरी पडल्या आणि कुंपणाशी पपईची दोन रोपे आपोआप उगवली. एक पावसात कुजले, दुसरे तगले. कोणी आळे केले नाही, खत घातले नाही. यंदा रमजान सुरू झाला तेव्हा झाड फळांनी लगडले होते.

पहिल्या फळावर पिवळी छटा दिसली मात्र, आमच्यातला कोर्टकचेरीचा स्वभाव जागा झाला. एकजण म्हणाले, झाड माझ्या वाफ्याला लागून आहे. दुसरे म्हणाले, हिवाळ्यात पाणी मी घातले. मीही मागे राहिले नाही. म्हटले, बिया तर आमच्या इफ्तारच्या! दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गुरुजी हसून म्हणाले, ‘‘मॅडम, बी तुमचं, मान्य. पण पाऊस कोणाच्या नावावर लावायचा?’’

रोज्याच्या तोंडाने मी भांडत होते, याची तेव्हा लाज वाटली. आणि त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याच घरात होते, हे त्याच रात्री जकातचा हिशेब करायला बसले तेव्हा लक्षात आले.

वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीवर अडीच टक्के जकात, हे बहुतेकांना ठाऊक असते. शेतीच्या उत्पन्नाचा नियम मात्र वेगळा आहे. विहिरीचे पाणी ओढून, कष्टाने भिजवलेल्या पिकाचा विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के. केवळ पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा, म्हणजे दहा टक्के. याला उश्र म्हणतात. आणि जमिनीत पुरलेले जुने धन अवचित सापडले, तर त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे तब्बल वीस टक्के द्यावे लागतात.

ही चढण नीट पाहावी. जिथे माणसाचा घाम जास्त, तिथे देणे कमी. जिथे घाम कमी आणि देणगी जास्त, तिथे इतरांचा वाटा मोठा. कष्टाचा मान यात राखलेला आहे; पण जे आयते मिळाले, त्यावर मूठ आवळून बसण्याची मुभा नाही. सोसायटीच्या एका पपईवर उश्र लागू होतो, असा फतवा काढण्याचा मला अधिकार नाही. पण नियमामागचा विचार कळायला दोन गुंठ्यांची बागही पुरते.

आपण नेमके उलटे वागतो, असे मला वाटते. पगारातून मदत करताना हात सैल असतो; पण अचानक बोनस मिळाला, जमिनीचा भाव वाढला, की ‘माझे नशीब’ म्हणून तो पैसा वेगळा ठेवतो. खरे तर नशिबाने आलेल्या गोष्टीवर आपला हक्क सर्वांत कमी.

बाग असे आयते बरेच काही देते. वाफ्यातले तण उपटून मी फेकत होते, तर अम्मी ओरडल्या, ‘‘अरे, ये तो कुलफा है!’’ तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘‘अहो, ही तर घोळ!’’ दोन्ही घरांत त्या दिवशी डाळीत तीच भाजी पडली.

पपईचा निकालही लागला. जे न पेरता आले, त्याचा पहिला वाटा बागेबाहेर जाईल, असे आठही घरांनी ठरवले. पहिली दोन फळे रोज झाडलोट करणाऱ्या मावशींच्या घरी गेली. एक बुलबुलांनी आधीच पोखरले होते, ते तसेच राहू दिले. लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले तरी तो लावणाऱ्याचा सदका ठरतो, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. आम्ही तर लावलेही नव्हते! चौथे फळ एकादशीला कापले. काकूंच्या उपासाला आणि आमच्या इफ्तारला तेच चालले.

या रमजानमध्ये जकातची यादी करताना आणखी एक रकाना आखावा, अशी विनंती आहे. त्यात आपण न पेरता मिळालेल्या गोष्टी लिहाव्यात. रक्कम कदाचित मांडता येणार नाही. पण त्यात कोणाकोणाचा वाटा आहे, हे नक्की आठवेल.