सोनोग्राफी झाली, पण आईला काय सांगितले?

लोणावळ्यातील बंगले झाडणारी, चिक्कीच्या कारखान्यात दिवसभर उभी राहणारी, आंदर मावळात भाताच्या खाचरात वाकणारी आपली भगिनी पाचव्या महिन्यात एकदा सोनोग्राफी करून घेते. 'बाळ ठीक आहे' एवढे ऐकून ती घरी येते. पण बाळाच्या आतड्यातील अडथळा त्या तपासणीत अनेकदा दिसतच नाही, हे तिला कोणी सांगितले आहे काय?

गर्भातील बाळ भोवतालचे पाणी गिळते आणि ते आतड्यात शोषले जाते. आतडे बंद असेल तर पाणी तुंबते. जठरालगतचा भाग बंद असल्यास पडद्यावर बाळाच्या पोटात दोन काळे फुगे दिसतात. गर्भजल वाढते, आईचे पोट महिन्यांच्या मानाने मोठे दिसते. ही चिन्हे बहुधा सहाव्या महिन्यानंतर उमटतात. म्हणूनच शेवटच्या तिमाहीत पुन्हा सोनोग्राफी व्हायला हवी.

दोष सापडला म्हणजे सारे संपले, असे मुळीच नाही. बंद आतडे जन्मानंतर शस्त्रक्रियेने जोडता येते. दोन फुगे दिसलेल्या बाळांपैकी साधारण तिघांत एकाला डाऊन सिंड्रोम असतो. म्हणून पुढील तपासण्या आणि नीट समजावून सांगणे आवश्यक ठरते. पोटाच्या भिंतीतील छिद्रातून आतडी बाहेर आलेली बाळे श्रीमंत देशांत दहांपैकी नऊ जगतात. गरीब देशांत त्यांतील बहुतेक दगावतात. दोष तोच, मग हा फरक कशाचा? तो व्यवस्थेचा आहे!

निदान आधी झाले तर बालशल्यचिकित्सक असलेल्या पुण्यातील रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. निदान झाले नाही तर हिरवी उलटी करणारे नवजात बाळ घेऊन बापाला लोणावळ्याहून ६४ किलोमीटर धावावे लागते. पवन मावळातील वस्तीवरून तर आधी वाहन शोधण्यापासून सुरुवात!

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी मातेच्या विश्रांतीत राष्ट्राचे हित असल्याचे सांगितले आणि तिचा भार सरकारने उचलावा अशी भूमिका मांडली. त्याच न्यायाने शासनाने मावळातील प्रत्येक गरोदर मातेला पाचव्या आणि आठव्या महिन्यात मोफत सोनोग्राफी, मराठीतून समजेल असा अहवाल आणि दोष आढळल्यास मोठ्या रुग्णालयात आधीच नोंद, एवढे तरी द्यावे. ही भीक नव्हे, हक्क आहे.

गर्भाचे लिंग विचारणे व सांगणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. पण 'बाळाचे जठर, आतडे, गर्भजल कसे आहे?' हे विचारण्यास कोणताही कायदा आड येत नाही. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न वस्तीवस्तीतील मातांच्या तोंडी द्यावा. विचारणाऱ्या आईला उत्तर द्यावेच लागते!