अहवालात ‘डिस्प्लेशिया’ लिहिले आहे?

तोंडाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, शेकही घेऊन झाले. वर्षभराने गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवालात शब्द आला ‘डिस्प्लेशिया’. भिलाईजवळच्या उतईसारख्या गावात असा कागद आला की घरातल्यांचा धीर खचतो. ‘रोग उलटला’ असे समजून काही जण पुढची तपासणीच टाळतात. नुकसान होते ते इथे.

डिस्प्लेशिया म्हणजे कर्करोग नव्हे. पेशींचा आकार व मांडणी बिघडली आहे, पण त्या वरच्या थरातच आहेत, असा त्याचा अर्थ. त्याच्या सौम्य, मध्यम व तीव्र अशा पायऱ्या असतात. सौम्य असेल तर तंबाखू पूर्ण बंद करून नियमित तपासणी बहुधा पुरते. तीव्र असेल तर चट्टा काढून टाकणे हिताचे. अहवालात ‘इनव्हेजिव्ह’ हा शब्द असेल, तर मात्र पेशी खालच्या थरात शिरल्या आहेत, म्हणजे कर्करोग आहे.

एकदा बरे झालेल्या तोंडात हे का घडते? तंबाखूचा मारा एकाच जागी नव्हे, साऱ्या तोंडावर झालेला असतो. स्लॉटर या अमेरिकी शल्यविशारदाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये हे दाखवून दिले. छत्तीसगडमध्ये गुडाखू मंजन समजून दातांना चोळतात. पण त्यातही तंबाखूच असतो.

शेकांमुळेही पेशी विचित्र दिसू शकतात. म्हणून शेक केव्हा संपले, कोणत्या बाजूला दिले, हे तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला कळायलाच हवे. शंका राहिल्यास स्लाइड व ब्लॉक मागून घेऊन रायपूरच्या ‘एम्स’सारख्या मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यावे.

उलट, अहवाल चांगला आला तरी गाफील राहू नये. तपासला जातो तो लहानसा तुकडा. जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, मानेत गाठ लागली किंवा तोंड कमी उघडू लागले, तर पुन्हा दाखवावे.

डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारावेत: बिघाड कोणत्या पायरीचा? चट्टा काढायचा की लक्ष ठेवायचे? पुढची तपासणी केव्हा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे.