तराजू आणि जीव

देह पडल्यावर चैतन्य उरते काय, आणि उरले तरी त्यात 'मी'पणा उरतो काय, हा प्रश्न जितका पुरातन तितकाच प्रत्येक घरी नवा आहे. व्यापाऱ्याचा विश्वास तराजूवर. म्हणून या प्रश्नालाही कोणी तराजू लावला की आपण कान टवकारतो.

१९०७ साली अमेरिकेतील डॉक्टर डंकन मॅकडूगल यांनी ६ मरणासन्न रुग्णांना तोलून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाचे वजन प्राण जाताना पाऊण औंस, म्हणजे सुमारे २१ ग्रॅम घटले. इतरांची मापे जुळली नाहीत. तरीही आत्म्याचे वजन २१ ग्रॅम, असे आजही मोठ्या श्रद्धेने सांगितले जाते. सांगणाऱ्या बंधूंना आम्ही एवढेच विचारू: याच डॉक्टरांनी १५ कुत्रेही तोलले, त्यांचे वजन घटले नाही, मग कुत्र्याला जीव नाही, हेही आपण मान्य करणार काय?

राजप्रश्नीय सूत्रातील प्रदेशी राजाने हाच प्रयोग उलट हेतूने केला. चोराला जिवंतपणी व मेल्यावर तोलले. फरक नाही, म्हणून वेगळा जीवही नाही, असे तो म्हणाला. केशी श्रमणांनी त्याला वायूने भरलेल्या कातडी पिशवीचा दृष्टान्त दिला. वायूलाही वजन असते हे आज सर्वांस ठाऊक असल्याने दृष्टान्त ढिला पडला. मुद्दा मात्र ढळला नाही. जे अमूर्त मानले, त्याविषयी तराजू ना होकार देऊ शकतो, ना नकार.

'मी'पणाची गोष्ट वेगळी. १९५३ साली हेन्री मोलायसन यांच्या मेंदूचा काही भाग शस्त्रक्रियेने काढला गेला. त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नवे प्रसंग त्यांच्या स्मरणात टिकले नाहीत. जाणीव होती, नोंद थांबली. एवढ्याशा हानीने जी स्मृती खुंटते, ती देह भस्म झाल्यावर जशीच्या तशी उरेल, असे मानणे आम्हांस कठीण वाटते. जैन शास्त्रही जीवाचे लक्षण उपयोग, म्हणजे जाणणे-पाहणे, हेच सांगते. नाव, कुळ वा पेढी नव्हे.

आमचे मत असे की, चैतन्याचे सातत्य हा श्रद्धेचा विषय. तिला उसन्या पुराव्याची गरज नाही. परंतु दुकानाच्या पाटीवरील 'मी' पुढे जाईल, ही आशा सोडावी. दिवाळीला जुन्या वहीतील बाकी नव्या वहीत ओढली जाते, जुनी पाने नव्हेत. ती बाकी कोणती असावी, एवढेच आपल्या हाती आहे.