पायाला लोखंड, डोक्याला काय?

मोटारसायकलला घरच्या घरी लेगगार्ड बसविणे ही धाराशिव जिल्ह्यात आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. कळंबचा शिक्षक वाशी तालुक्यातील शाळेवर जातो, परंड्याचा कारकून भूमच्या कचेरीत जातो. दोघांचाही भरवसा दुचाकीवर. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर-येडशीवरून गेला आहे, तर नळदुर्ग-उमरग्यावरून हैदराबादचा रस्ता जातो. गळीत हंगामात याच रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या चालतात व त्यांतील कित्येकींच्या मागे दिवा तर नसतोच, पण साधा लाल परावर्तकही नसतो. अशा वेळी माणसाने दुकानातून लोखंडी दांडी आणून अंगणात स्वतःच्या हाताने कसली, तर त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो ही दांडी नेमके कशाचे रक्षण करते, हा.

या प्रश्नाचा अभ्यास फार पूर्वी झाला आहे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करण्यात आली. त्याचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. दांडीमुळे घोट्याच्या व पावलाच्या दुखापती कमी होतात खऱ्या, परंतु गुडघा, नडगी व मांडी यांच्या दुखापती तेवढ्याच वाढतात, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. खडीवर घसरून गाडी सावकाश आडवी झाली, तर दांडी इंजिनाला उचलून धरते आणि पाय खाली चेंगरत नाही. पण समोरच्या वाहनावर आदळताच शरीर पुढे फेकले जाते; पाय दांडीच्या आडोशाला थांबत नाही, उलट तिच्यावरच आपटतो. याच अहवालात शिरस्त्राणाच्या उपयोगाविषयी मात्र कसलाही संदेह व्यक्त केलेला नाही.

म्हणून दांडी बसवूच नये, असे नव्हे. आपल्याकडील खड्ड्यांच्या रस्त्यावर सावकाश पडण्याचे प्रसंग थोडे नाहीत. मात्र ती त्याच गाडीसाठी बनविलेली असावी. चेसिसला वेल्डिंग करून कदापि जोडू नये, कारण त्या उष्णतेने नळीची ताकद कमी होते. पुष्कळ गाड्यांत दांडी इंजिनाच्याच बोल्टांवर बसते. ते सारे एकदम काढले तर इंजिन खाली बसते, म्हणून एका वेळी एकच काढावा व त्याच्या जागी तेवढ्याच जाडीचा व ताकदीचा लांब बोल्ट घालावा. सर्व नट आधी हाताने फिरवून घ्यावेत आणि मगच पान्याने आळीपाळीने आवळावेत. एकच बाजू पक्की केली की दुसरीकडची भोके जुळत नाहीत आणि मग हातोडा हाती येतो! हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून वायरी व केबली कोठे अडकत नाहीत ना, पायाचा ब्रेक मोकळा आहे ना, हे पाहावे. हादऱ्यांनी नट सैल होतात, तेव्हा आठवड्याने पुन्हा पाना लावणे आले.

एवढे कष्ट घेणारा गृहस्थ शिरस्त्राण मात्र आरशाला अडकवून निघतो, हे चित्र कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसते. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली; त्यांपैकी ५०,०२९ जणांनी शिरस्त्राण घातलेले नव्हते. कायदा नाही असेही नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालक व मागे बसणारा, चार वर्षांवरील मुलासह, सर्वांना ते सक्तीचे आहे. न घातल्यास एक हजार रुपये दंड आहे. २०२१ च्या जूनपासून मानक चिन्हाशिवाय दुचाकीचे शिरस्त्राण विकण्यासही बंदी आहे. तरीही पोलिसाला दाखविण्यापुरती हलकी टोपी घेतली जाते आणि हनुवटीखालचा पट्टा लोंबत राहतो.

मागे बसणाऱ्या पत्नीला किंवा मुलाला तर पुढच्या दांडीचा काडीचाही आधार नाही. २०२५ च्या जूनमध्ये केंद्राने एक मसुदा प्रसिद्ध केला. नव्या दुचाकीबरोबर उत्पादकाने एक नव्हे, दोन शिरस्त्राणे द्यावीत, असे त्यात म्हटले होते. यातील दुसरे कोणासाठी, हे निराळे सांगावयास नको.