प्रश्न बाबासाहेबांच्या भूमिकेचा नाही, शिडीचा आहे

२०१९ मध्ये स्टार प्रवाहवर बाबासाहेबांच्या जीवनावरची 'महामानवाची गौरवगाथा' ही मालिका आली. बाबासाहेबांची भूमिका करणारे सागर देशमुख मूळचे पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीवरचे. त्याच वर्षी 'भाई' या चित्रपटात ते पु. ल. देशपांडे म्हणूनही दिसले. नाटक, सिनेमा, मालिका हा त्यांचा प्रवास मेहनतीचा आहे. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

"बाबासाहेब आपल्याच माणसाने करायला हवे होते," असे म्हणणाऱ्या मित्रांशीही आम्ही सहमत नाही. जब्बार पटेलांच्या चित्रपटात मामुट्टी बाबासाहेब झाले, ते आपण डोक्यावर घेतले. अभिनय जन्मावर ठरवायचा, तर मग जातिव्यवस्थेने काय वेगळे केले होते?

आमचा प्रश्न शिडीचा आहे. नाटकातून मालिकेत जाणाऱ्या या शिडीच्या पहिल्या पायरीवर आपली पोरे किती दिवस तग धरू शकतात?

पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. तिथून किती तरी नट पुढे आले. पण एकांकिकेच्या तालमी महिनोन् महिने चालतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत. पुढे प्रायोगिक नाटकातही पोट भरत नाही. मालिकेत काम मिळालेच, तर बारा-बारा तास शूटिंग आणि पैसे तीन महिन्यांनी, हा तिथला सर्रास रिवाज. ज्याच्या घरी भाड्याची चिंता नाही, तो ही वर्षे काढू शकतो. ज्याची आई चार घरची धुणीभांडी करते, त्याला पहिल्याच वर्षी डिलिव्हरीची बॅग पाठीवर घ्यावी लागते. मग म्हणायचे, "तुमच्यात टॅलेंट नाही!"

त्यातून टिकलाच, तर भाषा आडवी येते. त्याची बोली नोकर, गुंड आणि विनोदी पात्रांसाठी चालते, नायकासाठी नाही. नायकाच्या घरात देवघर असते, मंगळागौर असते. भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो असलेले साधे नोकरदार घर मालिकेत शोधून सापडत नाही. बाबासाहेबांवर मालिका करता येते, पण बाबासाहेबांची माणसे शेजारी म्हणूनही नकोत, याला काय म्हणायचे?

आणि आपला वारसा काय आहे? भीमराव कर्डकांचे जलसे चळवळ गावोगाव घेऊन गेले. म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' मिलिंद महाविद्यालयाच्या रंगमंचावर उभे राहिले. प्रेमानंद गज्वींच्या 'घोटभर पाणी'ने दोन पात्रांत अख्खी व्यवस्था उघडी केली. यांनी कुणाच्या ऑडिशनची वाट पाहिली नव्हती.

म्हणून मित्रांनो, चॅनेलला जाब विचारूच, पण आधी स्वतःला विचारू. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर आपण जेवढे उधळतो, तेवढ्यात एका नाटकाची वर्षभराची तालीम होते. विहाराचे सभागृह आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद असते. ते संध्याकाळी तालमीला उघडा. वस्तीतल्या दोन होतकरू पोरापोरींचे वर्षभराचे खोलीभाडे मंडळाने उचलावे. आपल्या लेखकांची नाटके तिकीट काढून बघा, फुकट पास मागू नका.

पडद्यावर बाबासाहेब पाहून डोळे पुसणे सोपे आहे. त्यांच्या लेकरांना रंगमंचावर टिकवणे कठीण आहे. चळवळीचे काम ते दुसरे आहे.

जय भीम!