कट्टा साहेबाचा, नरक्या कोणाचा?

विजयदुर्गावर आलेल्या पाहुण्याला ‘साहेबाचा कट्टा’ आवर्जून दाखविला जातो. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्याचे नाते सांगितले जाते. १८ ऑगस्टला तेथे हेलियमचे स्मरणही होते. अवश्य व्हावे! पण याच सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या पूर्वेस, आंबोलीच्या रानात, नरक्या नावाचे झाड चोरट्या कुऱ्हाडीला बळी पडत आले, त्याचे स्मरण कोणी करायचे?

फुलांच्या दुर्गंधीमुळे हे नाव पडले. गुण मात्र अमृताचा. कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावरील औषधांचे मूलद्रव्य नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी १९६६ साली अमेरिकेत एका चिनी वृक्षातून वेगळे केले. १९७२ मध्ये गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी ते नरक्यातही असल्याचे दाखविले. पुढे नरक्याचे लाकूड वजनावर विकले जाऊ लागले.

२००५ मध्ये जम्मूच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतील संशोधकांनी आणखी नवल दाखविले. नरक्याच्या अंतर्सालीत, झाडाला अपाय न करता राहणारी एक बुरशी काचपात्रातही तेच द्रव्य तयार करीत होती. मग काय, बुरशी वाढवू, झाडाची गरजच काय, असे म्हणणारे निघालेच! परंतु चिनी वृक्षातील अशाच बुरशीवर जर्मनीत झालेल्या संशोधनाने २०११ मध्ये हा उतावळेपणा उघडा पाडला. झाडापासून तोडलेली बुरशी पिढ्यांमागून पिढ्या आपली ही क्षमता गमावत जाते. द्रव्य घडविण्यातील एक विकर तिला झाडाकडूनच घ्यावे लागते. म्हणजे तुटलेल्या प्रत्येक नरक्याबरोबर त्याच्या सालीतील, कोणी अद्याप तपासलेलीही नाही अशी जीवसृष्टी नष्ट होते.

येथे ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ एवढ्याने भागणार नाही. हळदीच्या औषधी गुणावरील अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द करविता आले, कारण जुने लिखित पुरावे हाताशी होते. नरक्यातील बुरशीसाठी कोणती पोथी पुढे करणार? हा पुरावा आजच्या पिढीलाच लिहावा लागेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांकडे नोंदवहीचे काम सोपविले आहे. ती वही सल्लागाराकडून भरून घेऊन कपाटात ठेवण्यासाठी नाही. उभ्या नरक्यांची मोजणी तीत हवी, रोपवाटिकेचा हिशेब हवा. पुण्याच्या आघारकर संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे; सिंधुदुर्गाच्या रानातील नमुने तेथे गावाच्या नावानिशी जमा झाले पाहिजेत, आणि तेही झाड उभे असतानाच.